कोण हाक मारतंय?

निवडणूक लागली की रोह्यात सगळ्यात आधी कळतं ते माझ्या शिलाई मशीनला. पेपरात बातमी नंतर येते, नाक्यावरच्या चर्चाही नंतर रंगतात. त्याआधीच कुणीतरी मोटरसायकलवर कापडाचा तागा आडवा टाकून माझ्या दुकानाच्या दारात उभा असतो. "ताई, उपरणी शिवायचीत. परवापर्यंत." परवा म्हणजे उद्या, हे मला आता न सांगता कळतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मोटरसायकलवरून दुसऱ्या रंगाचा तागा येतो. रंग कुठले ते सांगत नाही, कारण दोन्हीकडच्या पुढाऱ्यांच्या बायकांचे ब्लाउज माझ्याकडेच येतात. सकाळी एक रंग शिवते, दुपारी दुसरा. संध्याकाळी केर काढायची वेळ येते तेव्हा फरशीवर दोन्ही रंगांचे दोरे एकमेकांत गुंतून पडलेले असतात.

ते दोरे बाबा सोडवत बसतात. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. ऐंशी ओलांडलीय, डोळे अधू झालेत, पण दुकानाच्या दाराशी खुर्चीत बसून मांडीवरच्या दोऱ्यांच्या गुंत्यातून एका रंगाचा दोरा ओढून डावीकडे ठेवायचा, दुसऱ्याचा उजवीकडे, हे काम ते तासन्‌तास करतात. मी म्हणते, "बाबा, शेवटी मी एकाच डब्यात टाकणार आहे सगळं." ते म्हणतात, "टाक गो. तुला कोन नको म्हनतंय?" आणि पुन्हा दोरा ओढतात.

निवडणूक साधारण पाऊस सरता सरता आली तर मला बरं वाटत नाही. ऊन चटकतं, हवेत भाताच्या लोंब्यांचा तो कोरडा गोडसर वास येतो, रस्त्यावरून भोंगा लावलेली रिक्षा जाते, आणि माझा पाय मशीनच्या पायट्यावर थांबतो. ऊन, भात आणि भोंगा या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी रोह्यात नसते. मी एकोणीस वर्षांची असते, कासू स्टेशनापासून पश्चिमेला खाडीकडे गेलेल्या वाटेवर असते, आणि माझ्या बोटाला अजून शाई लागलेली नसते.

बाबांचं तर विचारूच नका. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, ऐन दुपारी, जेव्हा खाडीला उधाणाचं पाणी चढत असतं, तेव्हा ते खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देतात आणि अर्धे उठतात. पुरते नाही, अर्धेच. गुडघे वाकलेले, मान एका बाजूला, कान रस्त्याकडे. तसेच काही वेळ राहतात, मग हळूच खाली बसतात. इथून कुंडलिका नदी दिसत नाही, भरतीचं पाणी दिसायचा प्रश्नच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडेही ते बघत नाहीत. तरी त्यांना कळतं. "काय झालं बाबा?" विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "काय नाय. पाय अवघडला."

पाय कधी अवघडला ते मला माहीत आहे.

आमचं गाव खाडीच्या पाण्यापेक्षा खाली होतं. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसायचे, मग बांधावर उभे राहून एकीकडे खाडी आणि दुसरीकडे भात बघायचे आणि बांधाच्या मधोमध सरकायचे. मधे फक्त मातीचा बांध. आमच्या पणजोबा-खापरपणजोबांनी चिखलाचे गोळे हातोहात देऊन तो घातला, आणि त्यानंतरच्या प्रत्येकाने तो आयुष्यभर दुरुस्त केला. खेकड्याने भोक पाडायचं, त्यातून पाणी झिरपायचं, भोकाचं बीळ व्हायचं आणि एखाद्या उधाणाला बांध फुटायचा. ते भगदाड म्हणजे खांड. खांड पडली आणि वेळेत बुजवली नाही तर खारं पाणी शेतात शिरतं, आणि एकदा खार बसली की पुढची कित्येक वर्षं त्या जमिनीत भात येत नाही.

म्हणून हाकेची रीत होती. ज्याला खांड दिसेल त्याने गावाकडे तोंड करून ओरडायचं, "खांड गेली रं, खांड गेली!" ज्याच्या कानावर पडेल त्याने आधी "आलो रं, आलो!" असा जबाब द्यायचा, मग तीच हाक पुढे द्यायची आणि हाताला लागेल ते घेऊन निघायचं. फावडं, घमेलं, पेंढ्याचा भारा, काहीही. आजोबा सांगायचे, एकदा हळद लागलेला नवरदेव तसाच चिखलात उतरला होता. एकदा तिरडी रस्त्यात खाली ठेवून खांदेकरी बांधावर गेले होते, आणि मेलेल्या माणसाच्या मुलाने त्याबद्दल कधी राग धरला नाही. आणि एक गोष्ट कधीही करायची नाही. हाक कुणाची, हे विचारायचं नाही.

लहानपणी मला वाटायचं, हा आपला मोठ्यांचा काहीतरी सोवळा नियम असेल. आता कळतं, केवढं शहाणपण होतं त्यात. खांड पहिल्यांदा दिसते ती ज्याचं शेत तिथे आहे त्यालाच. हाक मारणारा नेहमी आपल्या शेतासाठीच मारत असतो. मग तो आपला की परका, चांगला की लबाड, गेल्या खेपेला आपल्यासाठी आला होता का, हे बघत बसलं तर कुणीच निघणार नाही.

मी एकोणीसची होते तेव्हाची ती निवडणूक आमदारकीची होती. दोन उमेदवार, आणि दोघांनीही आमच्या बांधावर तोवर पाय ठेवलेला नव्हता. गाव मात्र मधोमध चिरलं. वरची आळी एका उमेदवाराची, खालची दुसऱ्याची. आम्ही खालच्या आळीत. बाबांची धाकटी बहीण, गुणाआत्या, दिली होती वरच्या आळीत हिराजीमामांना, म्हणजे आमच्या दारात उभं राहून हाक मारली तर तिच्या ओटीवर ऐकू जाईल इतकंच लांब. रोज संध्याकाळी ती कालवणाची वाटी घेऊन यायची. "दादा, चव बघ रं." दादाने चव बघितल्याशिवाय तिच्या घरात कुणी जेवायला बसत नसे, असं हिराजीमामा चेष्टेने म्हणायचे. त्या नवरात्रात वाटी यायची बंद झाली. भांडण कुणाचंच झालं नव्हतं. आत्याच्या सासऱ्यांच्या दारावर एक झेंडा लागला, आमच्या दारावर दुसरा, आणि दोन झेंड्यांच्या मधून वाटी कशी न्यायची ते तिला कळेना.

सुरुवातीला आम्हा पोरींना मजाच वाटली. आजवर गावात भोंगा यायचा तो लग्नाला नाहीतर गणपतीत. आता रोज यायचा. भिंती रंगल्या, फुकट टोप्या मिळाल्या, पेणहून माणसं आली, बाबांना कुणीतरी "साहेब" म्हणालं. बाबांना साहेब! त्यांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली असं आई म्हणायची. बूथबाहेरच्या टेबलाची जबाबदारी त्यांच्यावर दिली होती, आणि आमच्या घरातली एकुलती एक हातांची खुर्ची त्या टेबलामागे जाणार होती.

आणि गंमत बघा, दोन्ही उमेदवारांचं वचन एकच होतं: बांध दगडाने बांधून देणार. वरच्या आळीत त्याला टाळ्या, खालच्या आळीत ह्याला. दरवर्षी पाऊस सरला की घरटी एक माणूस बांधावर मातीकाम करायचा, ते त्या वर्षी राहिलं. आता माती टाकली तर सरकार म्हणेल बांध चांगलाय, दगड कशाला, असं वरची आळी म्हणाली. आपण माती टाकायची आणि उद्या त्यांनी सांगायचं आमच्या उमेदवाराने करून घेतली, असं खालची आळी म्हणाली. गावातल्या शहाण्या माणसांनी हा विचार केला, आणि त्यात माझे बाबा होते. कादिरचाचा तेवढे दोन्हीकडे सांगत फिरले. त्यांचं किराण्याचं दुकान होतं, मुलगे आखातात होते आणि शेत बांधाला लागून. "माती टाका रं. दगड येतील तवा येतील." लोक म्हणाले, चाचा, तुम्ही नक्की कुणाचे?

मतदान कोजागरीच्या पाठोपाठ, म्हणजे ऐन उधाणात आलं. तारीख ठरवणाऱ्यांना तिथी बघायचं काही कारण नव्हतं.

सकाळीच एक हूल झाली. कासू स्टेशनावर कंपनीचा माणूस आलाय, पोरांना कामावर घेतोय, अशी आवई उठली आणि खालच्या आळीची तरणी पोरं मतदान सोडून स्टेशनाकडे पळाली. तिथे कुत्रंही नव्हतं. परत आली ती घामाघूम आणि चिडलेली. वरच्या आळीनेच उठवली म्हणाली. खरं-खोटं देव जाणे. पण तेव्हापासून बाबा टेबलामागे ताठ बसले, आणि येईल त्याला बजावू लागले, "कायबी झालं तरी रांग मोडायची नाय."

मी बायकांच्या रांगेत होते. माझं पहिलं मत. नवी साडी, घामाने चिकटलेली. पुढे आई. शाळेच्या पत्र्यावर ऊन तापलं होतं आणि बायकांच्या गजऱ्यांचा वास येत होता. रांग हलत नव्हती. आणि शेतांच्या बाजूने हाक आली.

"खांड गेली रं, खांड गेली!"

मी आजही शपथेवर सांगेन, सगळी रांग हलली. दोन्ही रांगा. माणसांचे पाय आधी वळले, डोकी नंतर. अंगातच होतं ते. टेबलामागे बाबांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि ते अर्धे उठले. तोंड उघडलं होतं, "आलो रं" ओठांवर होतं. आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं.

"कोन हाक मारतंय?"

आमच्या गावात हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. कुणीतरी उत्तर दिलं, "वरच्या आळीची. तुमचीच भईन." आत्या शेताच्या कडेला आली होती, पदर खोचलेला, कोपरापर्यंत चिखल. तिने पुन्हा हाक दिली. ती बाबांकडेच बघत होती. बाबा तसेच, अर्धे उठलेले. मग ते खाली बसले.

"बसा सगली," ते म्हणाले. "सकाली स्टेशन झालं, आता ह्यो दुसरा डाव. रांग मोडायची नाय."

खालची आळी हलली नाही. खालची हलत नाही म्हटल्यावर वरचीही हलेना. आपण गेलो तर मागे हे मतं टाकतील. आपल्याच घरच्या सुनेची हाक, तरी नाही. मी रांगेतून निघाले. धाडस वगैरे काही नव्हतं, आत्या होती म्हणून निघाले. आईने मला अडवलं नाही आणि माझ्याबरोबर आलीही नाही. ती बाबांकडे बघत राहिली.

बांधावर गेले तेव्हा खांड जेमतेम दाराएवढी होती. गाव आलं असतं तर कपातला चहा निवायच्या आत बुजली असती. हिराजीमामा छातीभर पाण्यात, खाडीकडे पाठ करून दोन्ही हात पसरून उभे होते. त्यांचे दोन भाऊ कडेची माती धरून होते. कादिरचाचा दुकानातल्या रिकाम्या गोणी घेऊन आले होते आणि आत्याने टाकलेला चिखल त्यात भरत होते. मी घमेलं घेतलं. आम्ही टाकत होतो आणि पाणी ते उचलून शेतात नेत होतं.

आवाज मोठा नव्हता. लोकांना वाटतं बांध फुटला म्हणजे गडगडाट होत असेल. तसं नाही, पाणी शेतात शिरतं ते फार हळुवार. पिकलेल्या लोंब्या एकामागून एक हलतात, कुणी पोर मधून चाललंय असं वाटावं, आणि मग त्या बुडतात. तो आवाज मला आजही येतो. रेशमी कापड कात्रीखाली सरकतं तेव्हा कधीकधी येतो, आणि मी कात्री खाली ठेवते.

प्रत्येक घमेल्याला आत्या मान वळवून गावाकडे बघायची. "दादा येल," म्हणायची. "उठला व्हता तो. मी बगितलं. उठला व्हता." खांड दाराएवढी होती ती बैलगाडी जाईल एवढी झाली, मामांचे पाय सुटले, भावांनी त्यांना केसांना धरून ओढून काढलं, आणि तरी ती म्हणत होती, उठला व्हता.

बाबा आले ते मतदान संपल्यावर. दोन्ही आळ्या आल्या, फावडी घेऊन, प्रत्येकाच्या बोटावर शाई. तोवर ओहोटी लागली होती आणि शेतात कंबरभर खारं पाणी थांबलं होतं. आत्या बांधावर बसली होती. बाबा तिच्यापुढे उभे राहिले. तिने वर बघितलं आणि विचारलं, "मतं झाली?"

बाबा म्हणाले, "झाली."

बहीण-भावाचं ते शेवटचं बोलणं. भाऊबिजेला बाबा नवं धोतर नेसून संध्याकाळपर्यंत ओटीवर बसले. बोलावणं आलं नाही.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. त्या ओहोटीत टाकलेली माती पुढच्या भरतीने नेली आणि खांड वाढली. तिसऱ्या दिवशी गावची बैठक झाली, ती चूक कुणाची यावर. जिंकलेला उमेदवार होडीतून बघायला आला, हरलेलाही आला. काही वर्षांनी दोघे एकाच व्यासपीठावर शेजारी बसलेले मी पेणला पाहिले, एकाच रंगाची उपरणी गळ्यात घालून. दगड आले नाहीत. खाऱ्या पाण्याने मात्र कुणालाही आळी विचारली नाही. वरच्या आळीचं भात गेलं, आमचं गेलं, कादिरचाचांचं गेलं. भाताच्या खाचरात खारफुटी उगवली. हिराजीमामा धाटावला कंपनीत शिफ्टला लागले, मी लग्न होऊन रोह्याला आले, कुणी नागोठण्याला, कुणी पनवेलला. मामा गेले तेव्हा बाबा अंत्ययात्रेत सगळ्यात मागे चालले आणि घाटाच्या अलीकडेच थांबले. मामांनंतर आत्या गावात परत गेली. मुलं बोलावतात, ती येत नाही. गावठाण तेवढं उंचावर राहिलंय, भोवती पाणी.

मला बाबांचा राग यायचा. खूप वर्षं आला. मग एक दिवस ते खुर्चीतून अर्धे उठताना बघितले आणि राग कुठे ठेवायचा तेच कळेना. एखाद्या माणसाला आयुष्यभर एकाच दुपारीत अडकून राहावं लागणं, याहून जास्त शिक्षा मी त्यांना काय देणार होते?

गेल्या आठवड्यात पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी बाबांनी दोऱ्यांचा गुंता मांडीवरून खाली ठेवला. "मला गावात ने," म्हणाले. मी मशीन बंद केलं, एका रंगाची उपरणी अर्धवट टाकली आणि रिक्षा बोलावली. नागोठण्यापाशी प्रचाराची मिरवणूक आडवी आली, एका पोराने रिक्षात वाकून बाबांच्या गळ्यात उपरणं घातलं. माझ्याच हातची शिलाई होती. बाबांनी ते काढून घडी घालून खिशात ठेवलं.

गावात पोचलो तेव्हा भरती चढत होती. जिथे आमचं शेत होतं तिथे खारफुटीच्या मुळांतून पाणी वर येत होतं, आणि तोच आवाज. आत्याचं दार लोटलेलं. ओटीच्या पायरीशी बाबा थांबले, एक हात माझ्या खांद्यावर. किती वर्षांनी त्यांनी बहिणीला हाक मारली, "बाय गो!"

आत भांड्याचा आवाज होत होता तो थांबला.

"बाय गो!"

"कोन हाक मारतंय?" आतून आत्याने विचारलं.

बाबांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. मी सांगायला तोंड उघडलं, त्यांनी मान हलवली. नाव सांगायचं नव्हतं त्यांना. कुठल्या नावाने सांगणार होते? मला वाटलं आता ते मागे फिरतील, आणि रोह्याला जाऊन पुन्हा दोरे सोडवत बसतील. त्यांनी घसा साफ केला. आणि त्या म्हाताऱ्या, फाटक्या आवाजात हाक दिली.

"खांड गेली रं, खांड गेली!"

आतून लगेच, कसलाही विचार न करता जबाब आला.

"आले रं, आले!"

आणि आत्या बाहेर आली. वाकलेली, पांढरी झालेली, पदर खोचत, हातात घमेलं. उंबऱ्यावर तिने बाबांना बघितलं. पाण्याकडे बघितलं. तिचं डोकं आता ठिकाणावर असतं की नाही, मुलं वेगवेगळं सांगतात. मला तरी तिचे डोळे स्वच्छ दिसले. तिने घमेलं खाली ठेवलं नाही.

"उठला व्हतास तू," ती म्हणाली. "मी बगितलं व्हतं."

बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"व्हय, बाय," ते म्हणाले. "पन मंग बसलो."